लाँग मॅक्रो आत्ता घ्यावी की थांबावं? एका वितेचा हिशोब

मे महिना संपत आला, वळवाचे दोन शिंतोडे पडले की मला ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच. "दादा, १८० मॅक्रो मिळतेय सेकंडहँड, घेऊ का?" बरं विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ झूम लेन्स, एखादी ५५-२५० नाहीतर ७०-३००, आणि कुणीतरी आंबोलीला काढलेला चापडा सापाचा फोटो बघून चढलेला ताप, एवढंच असतं. मी पण याच तापात एकदा घेतली होती, त्याचं पुढे सांगतो. तर दर वेळी तेच तेच टाइप करण्यापेक्षा म्हटलं एकदा नीट क्रमाने लिहून काढावं. अगदी नवीन असाल असं धरून लिहितोय, ज्यांना माहितीय त्यांनी पहिली पायरी सोडून द्या.

पायरी १. "लाँग" म्हणजे तुम्ही नक्की काय विकत घेताय ते समजून घ्या

मॅक्रो लेन्स म्हणजे जी १:१ देते ती. लाँग मॅक्रो म्हणजे तीच, पण १५० ते २०० एमएमची; हा एमएमचा आकडा म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ. १:१ म्हणजे सेन्सरवर वस्तू तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटते. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद, म्हणजे १:१ ला ३६ मिलिमीटर रुंदीची जागा पूर्ण फ्रेम भरते. क्रॉप, म्हणजे त्याहून छोटा सेन्सर, कॅननचा २२.३ आणि निकॉन-सोनी-फुजीचा साधारण २३.५, म्हणजे तिथे बोटाच्या दोन पेरांपेक्षाही कमी जागेत फ्रेम भरली.

आता लोक इथे गोंधळतात. १०० एमएमची मॅक्रो पण १:१, १८० ची पण १:१. किडा दोन्हीत तेवढाच मोठा दिसणार. १८० घेतली म्हणून मुंगीचे डोळे जास्त मोठे दिसत नाहीत! फरक पडतो तो तुम्ही किड्यापासून किती लांब उभे राहता त्यात. त्याला वर्किंग डिस्टन्स म्हणतात, आणि स्पेसिफिकेशनमध्ये दिलेलं मिनिमम फोकस डिस्टन्स (सगळ्यात जवळ जिथे फोकस होतो ते अंतर) म्हणजे ते नव्हे, कारण ते सेन्सरपासून मोजतात, लेन्सच्या तोंडापासून नाही. कॅमेऱ्याच्या बॉडीवर एक गोल आणि त्याला छेदणारी आडवी रेघ असं चिन्ह असतं बघा, तिथून.

उदाहरण घेऊ. कॅननची ईएफ १०० एमएम एफ २.८ एल, २००९ ची, मिनिमम फोकस ३० सेंटिमीटर. त्यातून लेन्सची लांबी साडेबारा-एक आणि माउंटपासून (बॉडीवर लेन्स बसते ती जागा) सेन्सरपर्यंतचे साडेचार वजा करा, हातात उरले जेमतेम तेरा. ईएफ १८० एफ ३.५ एल, १९९६ ची, मिनिमम फोकस ४८, लांबी साडेअठरा, उरले पंचवीस. सिग्माची जुनी १५० एफ २.८ ओएस या दोघींच्या मधे, साधारण अठरा-एकोणीस. हूड लावलं की यातून अजून जातात.

म्हणजे १०० देते अर्धी वीत आणि वर बोटभर, १८० देते एक वीत आणि वर बोटभर. मधला जो फरक आहे तो अर्ध्या वितेचा. तुम्ही जे पैसे मोजणार आहात ते या अर्ध्या वितेसाठी, आणि थोडेसे मागच्या बॅकग्राउंडसाठी, कारण लांब लेन्सला मागचा भाग अरुंद कोनातून दिसतो, त्यामुळे काड्या-पानं-आकाशाचे तुकडे मधे येत नाहीत आणि एकसारखा हिरवा पडदा मिळतो. खरं सांगू तर मला ही बॅकग्राउंडची गोष्टच जास्त आवडते, पण ती "हवीहवीशी" या खात्यात टाका, "गरज" या खात्यात नको.

पायरी २. तुमचा किडा मोजा

हसू नका, पट्टी घ्या. तुम्हाला ज्याचे फोटो काढायचेत ते केवढं आहे आणि त्याच्याभोवती किती जागा सोडायची ते ठरवा. सेन्सरची रुंदी भागिले फ्रेममध्ये हवी ती रुंदी, झालं तुमचं मॅग्निफिकेशन.

नीलवंत, आपलं राज्य फुलपाखरू, पंख पसरल्यावर बारा ते पंधरा सेंटिमीटर. फुल फ्रेमवर ०.२ ते ०.२५ मध्ये काम झालं, क्रॉपवर त्याहून कमी. मॅक्रो लेन्सची गरजच नाही, जवळ फोकस होणारी कुठलीही टेलिझूम (५५-२५० सारखी लांब झूम) चालेल. टाचणी, म्हणजे चतुराची ती बारीक नाजूक बहीण, चार सेंटिमीटरची, भोवती जागा सोडून सहा धरा, क्रॉपवर ०.४ च्या आत. अंगठ्याएवढा बेडूक, तीन सेंटिमीटर, ०.५. आणि भिंतीवरचा जम्पिंग स्पायडर, सहा-सात मिलिमीटर, तो फ्रेम भरून हवा म्हणाल तर क्रॉपवर सुद्धा दीड-दोन पट पाहिजे, तिथे १८० एमएमची १:१ लेन्स कमीच पडणार.

हे गणित केलं की निम्मे लोक इथेच गळतात. फुलपाखरंवाल्यांना टेलिझूम पुरते. कोळी-मुंग्यांवाल्यांना १:१ च्या पुढे जाणारं काहीतरी लागतं. लाँग मॅक्रोचं खरं राज्य मधल्या पट्ट्यात आहे, दोन ते पाच सेंटिमीटरचे, बुजरे, दिवसा उन्हात सावध बसणारे जीव, म्हणजे चतुर, टाचण्या, लहान फुलपाखरं, रॉबर फ्लाय ही शिकारी माशी. तुम्ही यातले असाल तर पुढे वाचा, नसाल तर पायरी ५ वर उडी मारा.

सापाचं वेगळं सांगायला हवं. "सापांसाठी लांब लेन्स पाहिजे, सुरक्षित" हे अर्धं खरं आहे. अर्धं यासाठी की अख्खा चापडा फ्रेममध्ये घ्यायचा म्हणजे ०.२ च्या आसपास, तिथे १०० एमएमला तुम्ही साधारण दोन फुटांवर असता आणि १८० ला मीटरभर. हा फरक नक्कीच मोलाचा. पण म्हणून १८० लावून डोळ्याचा क्लोजअप काढायला एक वीत अंतरावर तोंड नेणं, याला सुरक्षित म्हणत नाहीत, याला काय म्हणतात ते गावाकडच्या म्हाताऱ्यांना विचारा. विषारी सापाचा फोटो लांबूनच काढा आणि नंतर कापून (क्रॉप करून) घ्या.

पायरी ३. हिराचा प्रयोग

हा माझा घरगुती प्रकार आहे, फुकट आहे. खराट्याचे दोन हीर घ्या. एक तेरा सेंटिमीटरचा तोडा, दुसरा पंचवीसचा. आहे ती लेन्स कॅमेऱ्याला लावा आणि छोटा हीर लेन्सच्या तोंडाला चिकटपट्टीने असा लावा की तो सरळ पुढे येईल. आता बागेत नाहीतर तळ्याकाठी जा आणि फोटो काढायचा विसरून फक्त जवळ जायचा सराव करा. हिराचं टोक किड्याला टेकण्याइतकं जवळ येईपर्यंत तो बसून राहिला तर तुम्ही १०० एमएमने त्याचा १:१ फोटो काढू शकला असता. मग मोठा हीर लावून परत.

मी हे पुण्यात पाषाण तलावाच्या कडेला केलं होतं, सकाळी सातला आणि मग साडेदहाला. सकाळी सातला दव होतं, चतुर गारठलेले, छोट्या हिराने पण दहातले सात-आठ बसून. साडेदहाला ऊन चढल्यावर छोट्या हिराने एकही नाही आणि मोठ्या हिराने दोन की तीन! म्हणजे त्या दिवशी मला मिळालेलं उत्तर असं की अर्ध्या वितेपेक्षा साडेतीन तास लवकर उठणं जास्त कामाचं. तुमचं उत्तर वेगळं येईल, तुमचे किडे वेगळे, तुमची चाल वेगळी. बाकी जाताना सावली किड्यावर पाडू नका, गडद साधे कपडे घाला, आणि सरळ वरून जाण्याऐवजी त्याच्या पातळीवर खाली वाकून हळू सरका, यानेच निम्मं काम होतं. कासला मात्र हे खाली वाकणं-लोळणं अजिबात करू नका, पायवाटेवरून जेवढं मिळेल तेवढं, तिथली दवबिंदू आणि सीतेची आसवं ही इवली झाडं तुमच्या कोपराखाली चिरडून कुणाचं भलं होत नाही.

पायरी ४. एक महिना वही ठेवा

सगळ्यात कंटाळवाणी पायरी आणि माझ्या मते हीच खरी. फोटो काढून घरी आल्यावर जे फसले ते नुसते डिलीट करू नका, प्रत्येकाच्या नावाने वहीत एक काडी मारा. रकाने पाचच: उडून गेला, हललं, फोकस चुकीच्या जागी, उजेड वाईट, आणि पाचवा म्हणजे मुळात फोटोच बोअर. पाचव्या रकान्यात मनापासून काड्या मारा, तिथे माणूस चोरी करतो.

महिनाभरात दोनशे-तीनशे काड्या होतील. "उडून गेला" हा रकाना बाकी सगळ्यांपेक्षा ठळक मोठा असेल तर लाँग मॅक्रो तुमच्या कामाची आहे, घ्यायचा विचार सुरू करा. तसं नसेल तर थांबा, कारण उरलेले चारही रोग लांब लेन्सने बरे होत नाहीत, काही तर वाढतात. ते कसे ते सांगतो.

हललं: लेन्स जितकी लांब तितकं हातांचं थरथरणं मोठं दिसतं. आणि या जुन्या लाँग मॅक्रोंमधल्या दोन नावाजलेल्या, कॅननची १८० एल आणि निकॉनची २०० एफ ४ डी, दोघींना स्टॅबिलायझर (हाताचं थरथरणं सावरणारी यंत्रणा) नाही. सिग्माच्या ओएसवाल्या १५० आणि १८० ला आहे, पण कुठलाही स्टॅबिलायझर १:१ च्या जवळ गेल्यावर अर्धामुर्धाच उरतो. कॅनन स्वतः १०० एल साठी लांबच्या फोटोला चार स्टॉप आणि १:१ ला दोन स्टॉप सांगते (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवलं तरी चालतं), यावरून समजा.

फोकस चुकीच्या जागी: लोकांना वाटतं लांब लेन्सने डेप्थ (फोटोत पुढेमागे जेवढा भाग स्पष्ट येतो तो) कमी होते म्हणून छोटी बरी, किंवा उलट. दोन्ही नाही. त्याच मॅग्निफिकेशनला आणि त्याच अपर्चरला (लेन्समधलं उजेडाचं भोक, एफ चा आकडा मोठा तेवढं ते बारीक) डेप्थ जवळजवळ सारखीच, १:१ ला एफ ११ वर साधारण एक-सव्वा मिलिमीटर. एवढ्यात चतुराचा एक डोळा बसतो, दुसरा बसेलच असं नाही. अपर्चर अजून बंद करून बघाल तर डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक भोकातून उजेड पसरून, सगळंच पिठूळ होतं, कारण १:१ ला एफ १६ लावलं की प्रत्यक्षात ते एफ ३२ सारखं वागतं. याला इलाज म्हणजे किड्याच्या अंगाला सेन्सर समांतर धरणं, ऑटोफोकस बंद करून स्वतः पुढेमागे झुलणं, आणि भरपूर फोटो. लेन्स बदलणं नव्हे.

उजेड वाईट: इथे तर लांब लेन्स नुकसानच करते. आपण पावसाळ्यात, झाडीत, रात्री जास्त काढतो, म्हणजे फ्लॅश आणि त्याचा उजेड मऊ करणारा डिफ्यूजर आलाच. डिफ्यूजर जेवढा किड्याच्या जवळ तेवढा तो किड्याला मोठा दिसतो आणि उजेड तेवढा मऊ. १०० एमएमला घरी बनवलेला पॅकिंगच्या फोमचा डिफ्यूजर अगदी किड्याच्या डोक्यावर येतो. १८० ला तोच डिफ्यूजर एवढा मागे राहतो की बेडकाच्या ओल्या पाठीवर पांढरे चट्टे उठतात, मग फ्लॅश ब्रॅकेटवर पुढे न्या, एक हात त्यालाच लागला, बॅटरी लवकर संपली, आणि वर पाऊस. आंबोलीला रात्री बेडूक काढणारे बहुतेक अनुभवी लोक १००-१०५ च्या आसपासच का असतात त्याचं कारण हेच असं मला वाटतं. बेडूक पळत नाही हो, तिथे वीत कशाला पाहिजे.

आणि वजन. १०० एल सहाशे पंचवीस ग्रॅम. १८० एल अकराशे. सिग्माची १८० एफ २.८, २०१२ ची, ती सोळाशे चाळीस ग्रॅम, नुसती लेन्स! फ्लॅश आणि बॉडी धरून अडीच-तीन किलो हातात धरून गुडघ्यावर बसायचंय, चिखलात, तासभर. दुकानात उचलून "एवढी काही जड नाही" म्हणणाऱ्यांमध्ये मी पण होतो.

पायरी ५. थांबायचं तर रिकाम्या हाताने थांबू नका

थांबणं म्हणजे वर्षभर यूट्यूबवर रिव्ह्यू बघणं नव्हे. तुमच्याकडे ५५-२५० किंवा ७०-३०० असेलच, तर तिच्या पुढे लावायची क्लोजअप लेन्स घ्या. रेनॉक्स कंपनीच्या डीसीआर-१५० आणि डीसीआर-२५०, दोन्हीला स्प्रिंगची चाप असते, ५२ ते ६७ मिलिमीटर फिल्टर थ्रेडच्या कुठल्याही लेन्सवर टचकन बसतात. काही हजारांत काम होतं.

नवीन लोक सगळे डीसीआर-२५० घेतात कारण आकडा मोठा. पण आपला विषय अंतराचा आहे ना, मग डीसीआर-१५० बघा. तिची ताकद ४.८ डायॉप्टर, म्हणजे मागची झूम अनंतावर फोकस केली असताना किडा साधारण वीस-एकवीस सेंटिमीटरवर स्पष्ट दिसतो. झूम ५५ वर ठेवा नाहीतर २५० वर, अंतर तेवढंच, फक्त किडा लहानमोठा होतो. २५० एमएमला १.२ पट. परत वाचा: १.२ पट, एक वीत अंतरावरून! जी वीत १८० एमएमच्या लेन्समध्ये तुम्ही एवढे पैसे मोजून शोधत होतात ती जवळपास इथे मिळाली. डीसीआर-२५० आठ डायॉप्टरची, ती २५० एमएमला २ पट देते पण अंतर साडेबारा सेंटिमीटरवर आणते, ती कोळी-मुंग्यांवाल्यांची.

मग लोक मॅक्रो लेन्स का घेतात? कारण रेनॉक्सचा फोकसचा पट्टा अगदी अरुंद आहे. चतुर अर्धा फूट मागच्या काडीवर जाऊन बसला की तुम्ही आंधळे, चाप काढा, फोटो घ्या, परत लावा, तोवर तो गेला. कडा थोड्या मऊ येतात, ऑटोफोकस गडबडतो. खरी मॅक्रो लेन्स लांबच्या डोंगरापासून १:१ पर्यंत एका रिंगमध्ये जाते, ही सोय पैसे वसूल करणारी आहे, पण तिची किंमत तुम्हाला एक पावसाळा चापेसोबत काढल्यावरच कळेल. मी तीन काढले.

एक्स्टेन्शन ट्यूबचं (कॅमेरा आणि लेन्सच्या मधे लावायची, आत भिंग नसलेली नळी) थोडक्यात: १२-२०-३६ चा सेट येतो, ५० एमएमच्या साध्या लेन्समागे मस्त, अख्खे ६८ मिलिमीटर लावले की १:१ च्या वर जातं पण किडा लेन्सला चिकटतो. लांब लेन्समागे ट्यूब लावून फार काही वाढत नाही, २०० एमएमला ३६ ची ट्यूब म्हणजे जेमतेम ०.१८ ची भर.

फुलपाखरं आणि चतुरवाल्यांनी टेलिझूमचं क्लोज फोकस तपासा. कॅननची आरएफ १००-४०० एफ ५.६-८ ही काही कुणी मॅक्रो म्हणून विकत नाही पण ०.४१ पट देते, तीही साधारण मीटरभरावरून, आणि वजन ६३५ ग्रॅम. टाचणीचं गणित आठवा, ०.४ च्या आत होतं. वर पक्षी पण होतात. माझ्याकडे विचारणाऱ्या निम्म्या लोकांना मी शेवटी अशाच कुठल्यातरी झूमकडे वळवतो आणि ते थोडे नाराज होतात कारण त्यांना मॅक्रो हा शब्द लेन्सवर लिहिलेला हवा असतो.

आणखी एक, क्रॉप सेन्सरवाल्यांनो, तुम्ही आधीच एक पायरी वर आहात. तेवढीच फ्रेम भरायला तुम्हाला कमी मॅग्निफिकेशन लागतं म्हणून १०० एमएम तुमच्याकडे फुल फ्रेमवरच्या १५०-१६० सारखी वागते. मायक्रो फोर थर्डवाल्यांचं (क्रॉपहून छोटा सेन्सर) तर विचारूच नका, ओएम सिस्टीमची ९० एमएम एफ ३.५, २०२३ ची, त्यांच्या बॉडीवर १८० सारखी दिसते आणि दोन पट मोठं दाखवते.

पायरी ६. भाड्याने आणा

पुण्या-मुंबईत लेन्स भाड्याने देणारे भरपूर आहेत. आधार आणि डिपॉझिट लागतं, शुक्रवारी संध्याकाळी उचलून सोमवारी सकाळी परत केली तर दोन अख्ख्या सकाळी मिळतात. वहीत रकाने केले होते तेच घेऊन जा. शनिवारी फक्त लांब लेन्स, रविवारी त्याच जागी त्याच वेळी तुमची जुनी जोडी. फोटो मोजा, कौतुक नंतर. आणि भाड्याची लेन्स पावसात न्यायची असेल तर आधी विचारून घ्या, ओली परत दिली की डिपॉझिटवरून वाद होतो.

गावाकडे राहत असाल तर हे जमणार नाही, मग जवळच्या ट्रेलवर कुणाकडे असेल त्याला दहा मिनिटं मागा. मॅक्रोवाले लोक तसे दिलदार असतात, बिबळ्यावाल्यांपेक्षा तरी.

पायरी ७. वेळ आणि माउंट

आपला किड्यांचा सीझन जूनला सुरू होतो, सप्टेंबरच्या आसपास ऐन भरात असतो आणि नेमक्या ऑफर येतात दसरा-दिवाळीला, तेव्हा सीझन उतरणीला लागलेला. त्यामुळे नवीन घ्यायची तर माझा सल्ला, मे-जूनमध्ये घाईने पूर्ण किमतीत घेऊ नका. पहिला पावसाळा रेनॉक्स आणि वही. दिवाळीत भाव बघा. थंडीत सकाळी किडे गारठून बसलेले असतात, शिकायला ते दिवस उत्तम. पुढच्या पावसाळ्यात लेन्स आणि हात दोन्ही तयार.

दुसरा प्रश्न माउंटचा, आणि "थांबावं का" याचं खरं कारण बऱ्याच जणांसाठी हेच असतं. १५०, १८०, २०० एमएमच्या नावाजलेल्या मॅक्रो सगळ्या फिल्म एसएलआर नाहीतर डीएसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या काळातल्या. कॅननची १८० एल, निकॉनची २०० एफ ४, सिग्माच्या १५० आणि १८०, सगळ्यांचं उत्पादन बंद झालंय. २०२१ ला कॅननने मिररलेससाठी आरएफ १०० एल आणली (ती १.४ पट देते), निकॉनने झेड १०५ आणली. दोघांनीही लांब मॅक्रोपासून सुरुवात केली नाही. टॅमरॉनने २०२४ ला सोनी आणि निकॉन झेडसाठी आणली ती पण ९०. लाओवाने १८० एफ ४.५ काढलीय, १.५ पटवाली, ती हाताळून बघायला मिळाली तर बघा.

म्हणून तुमच्याकडे डीएसएलआर असेल आणि वर्ष-दोन वर्षांत मिररलेसला जायचा विचार असेल तर आत्ता लांब मॅक्रोत पैसे अडकवताना दोनदा विचार करा. कॅननच्या ईएफ (डीएसएलआरच्या) लेन्सा अडॅप्टरवर आरएफ (मिररलेस) बॉडीला छान चालतात, तिथे फार भीती नाही. निकॉनवाल्यांची गोची आहे: २०० एफ ४ डी ला स्वतःची मोटर नाही, बॉडीतल्या मोटरने फिरते, त्यामुळे डी ३५०० किंवा डी ५६०० सारख्या बॉडीवर ऑटोफोकस नाही आणि एफटीझेड अडॅप्टर लावून झेडवर, म्हणजे निकॉनच्या मिररलेसवर पण नाही. मॅक्रोत मॅन्युअल फोकस चालतो म्हणून घेत असाल तर हरकत नाही, पण माहीत असून घ्या, घरी येऊन कळायला नको.

पायरी ८. घ्यायचीच ठरली तर, सेकंडहँड

आता माझी गोष्ट. पहिल्या पावसाळ्यानंतर मी एकाकडून १८० घेतली, कुठून कुणाकडून ते जाऊ दे. संध्याकाळी, सात वाजता, रस्त्याकडेच्या टपरीवर चहा पितापिता. समोरून काच चकाचक. घरी आणून उजेडात धरली तर आतल्या भिंगाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू. फंगस, म्हणजे बुरशी. फोन केला तर "घेताना बघायचं ना भाऊ." खरं होतं, बोलायला जागाच नव्हती. दुरुस्तीवाल्याने उघडून साफ केली पण कोटिंगवर डाग राहिले, उन्हाकडे तोंड केलं की फोटो धुरकट. आठ महिन्यांनी तोट्यात विकली, घेणाऱ्याला फंगस दाखवून. वही त्यानंतर सुरू केली. वही भरल्यावर सिग्माची १५० घेतली आणि तीच आजवर आहे, कारण माझे किडे चतुर आहेत आणि माझा "उडून गेला" रकाना खरोखर मोठा होता. रात्रीच्या बेडकांना अजून मित्राची १०० मागून नेतो.

तर सेकंडहँड बघायची ती दिवसा. मुंबईत फोर्टला बोरा बाजारात जा, किंवा ओळखीतल्या माणसाकडून घ्या, पण मोबाईलचा टॉर्च सोबत ठेवा. अपर्चर पूर्ण उघडून लेन्सच्या एका बाजूने तिरका टॉर्च मारायचा आणि दुसऱ्या बाजूने बघायचं, मग उलट. बारीक धूळ असेल तर सोडून द्या, सगळ्यांत असते. तंतू, जाळी, दुधाळ थर दिसला तर चहा पिऊन घरी या. लेन्स कोकणातून आलीय की मराठवाड्यातून हे पण विचारतो मी, हसतात लोक, पण समुद्राकाठचे चार पावसाळे कपाटात बंद काढलेली लेन्स आणि कोरड्या हवेतली लेन्स यात फरक असतोच.

मग तुमच्याच बॉडीवर लावा, अडॅप्टर वापरणार असाल तर त्याच्यासकट. अनंतापासून १:१ पर्यंत ऑटोफोकस दोन-तीनदा पूर्ण फिरवून बघा, मधे अडतोय का, करकर येतेय का. स्टॅबिलायझर चालू केल्यावर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र उडी मारतंय का. एफ ११ ला लावून अपर्चरची पाती कोरडी आहेत का बघा, तेलकट असतील तर नको. ट्रायपॉड कॉलर आहे ना विचारा, ती हरवलेली असते आणि वेगळी मिळवायला जीव जातो. शेवटी एक नोट टेबलावर ठेवून १:१ ला एफ ८ वर फोटो काढा, मधे आणि चारही कोपऱ्यांत मोठं करून बघा, एकच कोपरा मऊ असेल तर लेन्स कधीतरी आपटलीय.

बिल मागा. नसेल तर भाव त्या हिशोबाने पाडा. उत्पादन बंद झालेल्या लेन्सचे सुटे भाग मिळतील का हे पैसे देण्याआधी दुरुस्तीवाल्याला फोन करून विचारा, नंतर नाही.

घरी आणल्यावर ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर हवाबंद प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आत एक स्वस्तातलं हायग्रोमीटर, काटा चाळीस-पन्नासच्या दरम्यान राहिला पाहिजे. जेल निळ्याची गुलाबी किंवा केशरीची हिरवी झाली की तापवून परत वापरायची, फक्त ते स्वयंपाकाच्या भांड्यात नको. आणि पावसातून आल्यावर लेन्स तशीच बॅगेत ठेवून झोपू नका, कितीही दमलात तरी, पुसून पंख्याखाली तासभर ठेवून मगच डब्यात.